कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी मुख्य प्रशिक्षक कसा निवडावा

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेले क्रीडा संचालक आणि जिमखाना समितीवर पहिल्यांदाच नाव लागलेले इतिहासाचे किंवा रसायनशास्त्राचे प्राध्यापक, या दोघांसाठी हे लिहिते आहे. जुने सर नोकरी सोडून गेले, जून उजाडला आणि प्राचार्यांनी सांगितलं, "मुलींच्या टीमला नवीन कोच बघा." सुरुवात कुठून करायची ते मात्र कुणी सांगत नाही. मी विद्यापीठाकडून खेळले, पुढे मराठवाड्यातच एका महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि अशा निवडींमध्ये बऱ्याचदा बसले. काही निवडी चांगल्या निघाल्या, दोन साफ फसल्या. त्या दोन निवडींमुळे ज्यांचा खेळ सुटला, त्या मुली आजही मला बाजारात लेकरं कडेवर घेऊन भेटतात. म्हणून जे कळलं ते सविस्तर सांगते.

एक गोष्ट आधीच मनात धरा. आपल्याकडे मुलींचा संघ कोर्टवर हरण्याआधीच मोडलेला असतो. ऑगस्टमध्ये चौदा मुली सरावाला येतात, दिवाळीनंतर सात उरतात आणि स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी कबड्डीच्या दोघींना जर्सी घालून बारा जणींची यादी पुरी केली जाते. अशा ठिकाणी डावपेचांचा पंडित आणून काही होत नाही. मुली टिकवू शकणारा आणि टिकलेल्या मुलींना खेळ शिकवू शकणारा माणूस आपल्याला हवा आहे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधीचे प्रशिक्षक का गेले?

हा प्रश्न टाळू नका. मानधन सहा-सहा महिने थकलं म्हणून गेले, की संघनिवडीत वरून नावं येत होती म्हणून, की त्यांच्याविषयी तक्रार होती? कारण पैशाचं असेल तर नवा माणूसही वर्षभरात जाईल, आणि तुम्ही पुन्हा याच खुर्चीत बसाल. तक्रार असेल तर ती दाबून ठेवून नवी निवड करणं म्हणजे मुलींना आणखी एकदा त्याच विहिरीत ढकलणं. शक्य असेल तर जाणाऱ्या प्रशिक्षकांसोबत तासभर बसा. खेळाडूंची यादी, कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाच्या घरी नाराजी आहे, कोणती मुलगी कोणत्या गावाहून येते, हे सगळं वहीत उतरवून घ्या. माणूस गेला की ही माहिती त्याच्याबरोबरच जाते.

जाहिरातीआधी मुलींशी बोला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पहिल्या निवडीत ही पायरी गाळली होती, आणि त्याची किंमत मुलींनी मोजली.

त्या वर्षी आमच्या संघातून मुली गळत होत्या. "आजकालच्या पोरींना कष्ट नकोत," असं आम्ही समितीत बसून ठरवून टाकलं आणि कडक शिस्तीचा प्रशिक्षक निवडला. गळती वाढली. मग एका मुलीच्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "मॅडम, साडेसहाला प्रॅक्टिस सुटती, आमच्या गावची शेवटची गाडी सव्वासहाला. पोरगी घरी कशी येईन?" चौदापैकी पाच मुलींचं हेच होतं. कष्टांचा प्रश्नच नव्हता, पाव तासाचा होता. सराव चारला सुरू केला असता तर त्या खेळल्या असत्या.

म्हणून मुलींना बसवा. त्या वेळी प्राचार्य नकोत, संस्थेचं कुणी नको आणि सध्याचे सहायक प्रशिक्षकही नकोत. एखाद्या महिला प्राध्यापकांनी हे बोलणं घ्यावं. जुन्या आणि पहिल्या वर्षाच्या मुली वेगवेगळ्या बसवा, कारण सीनियरसमोर ज्युनिअर तोंड उघडत नाहीत. आधी नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवा, मग तोंडी बोला. "कोच कसा हवा?" असं विचारलं तर "चांगला" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असे प्रश्न विचारा: गेल्या वर्षी सरावाला यावंसं वाटलं नाही असा एखादा दिवस आठवतो का, काय झालं होतं? तुझी जी मैत्रीण खेळ सोडून गेली तिने का सोडला? पाळी आली असेल तर सुटी कशी मागतेस? दौऱ्यावर गेल्यावर कशाची भीती वाटते?

उत्तरं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही, शॉर्ट्स घालून रस्त्यावरून यावं लागतं आणि टपरीवरची पोरं बोलतात. जर्सी मुलांच्या मापाची येते. चुकल्यावर सर सगळ्यांसमोर वजनावरून बोलतात. यातल्या निम्म्या गोष्टी प्रशिक्षक बदलून सुटणार नाहीत, त्या महाविद्यालयालाच कराव्या लागतील, आणि त्या करायच्या की नाही हेही याच वेळी ठरवा. उरलेल्या निम्म्यांतून मात्र तुम्हाला कसा माणूस शोधायचाय ते कळतं.

बीड किंवा जालन्याच्या बाजूचं महाविद्यालय असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: दसरा-दिवाळीनंतर घरी कोण असतं? आई-वडील ऊसतोडीला गेले की मुलगी आजीजवळ किंवा वसतिगृहात राहते. धाकट्या भावंडांचं तिच्यावर येतं. नेमका तोच स्पर्धांचा हंगाम असतो. ही गोष्ट माहीत असलेला प्रशिक्षक सराव पहाटे ठेवायचा की दुपारी हे विचारून ठरवतो. माहीत नसलेला तिचं नाव कापतो.

काम काय आहे ते कागदावर आणा

मुख्य प्रशिक्षक म्हणजे नक्की कोण, याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. क्रीडा संचालक हे महाविद्यालयाचं मंजूर पद, प्रशिक्षक बहुधा मानधनावर. मग बारा जणींची निवड कुणी करायची? दौऱ्याचा टीए-डीए कुणाच्या हातात? सामन्यात टाइमआउट कुणी घ्यायचा? हे लिहून ठेवलं नाही तर पहिल्याच स्पर्धेत बेंचवर दोन माणसं दोन सूचना देतात आणि पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी मुलगी, बिचारी दोघांच्या तोंडाकडे बघत चेंडू गमावते. माझं स्पष्ट मत आहे की अंतिम संघ प्रशिक्षकाने निवडावा, क्रीडा संचालकांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं, आणि बेंचवरून एकच आवाज यावा.

मानधन किती, किती महिन्यांचं आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. फक्त स्पर्धेच्या चार महिन्यांसाठी माणूस ठेवला तर संघही चार महिन्यांचाच तयार होतो. निदान दहा महिन्यांची तरतूद करा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिथे हा खर्च आधी मंजूर करून घ्या. मंजुरीआधी कुणालाही शब्द देऊ नका.

वेळेचंही भान हवं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पहिल्या सत्रातच येतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला आणि राज्याच्या अश्वमेध क्रीडा महोत्सवाला जातो. 'कलर होल्डर', म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली खेळाडू, व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीकडे पदवीची तीन-चारच वर्षं असतात. त्यातलं एक प्रशिक्षक शोधण्यात घालवू नका. जूनअखेर निवड व्हायला हवी, म्हणजे शोध मार्चमध्ये सुरू करायला हवा.

माणसं कुठे शोधायची

सूचनाफलकावर कागद लावून उमेदवार येत नाहीत, फिरावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथले प्रशिक्षक स्वतः मोकळे नसले तरी कोण चांगलं आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. शालेय स्पर्धांना जा आणि ज्या शाळेच्या मुली हरत असतानाही एकमेकींना हाक मारून खेळतात, त्या शाळेचा प्रशिक्षक कोण ते बघा. पंच आणि टेबलवर बसणाऱ्या मंडळींना भेटा, कारण त्यांनी सगळ्यांचे बेंच जवळून पाहिलेले असतात.

आणि जुन्या खेळाडू शोधा. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडून आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून खेळलेल्या कितीतरी मुली आज याच आठ जिल्ह्यांत संसार करताहेत. कुणी बीपीएड करून शाळेत आहे, कुणी पोलीस भरती होऊन ठाण्यात, कुणी घरी आहे. त्यांना कुणी विचारतच नाही. विचारलं की पहिलं वाक्य येतं, "आता कुठे जमणार मॅडम, सवय गेली." थोडं थांबा, दुसऱ्यांदा विचारा. पॅट समिट या बाईंनी अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींचा संघ १९७४ मध्ये हाती घेतला तेव्हा त्यांचं वय २२ होतं, अनुभव जवळपास शून्य. २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं होती. प्रत्येक जण समिट होत नाही हे खरं, पण त्यांनाही कुणीतरी अनुभवाचा कागद न मागता संधी दिली होती.

बाई प्रशिक्षकच हव्यात का? माझं उत्तर: तुल्यबळ उमेदवार असतील तर हो, बाईच. मुलगी पाळीच्या, दुखण्याच्या, घरच्या अडचणीच्या गोष्टी त्यांच्याशी लवकर बोलते, आणि वडीलही दौऱ्याला लवकर हो म्हणतात. पण निव्वळ बाई आहे म्हणून खेळ न येणारी व्यक्ती नेमली तर मुलींचं नुकसान तितकंच होतं. चांगले पुरुष प्रशिक्षक मी पाहिलेत, त्यांच्या हाताखाली मी घडले. मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. अमेरिकेत १९७२ साली मुलींच्या महाविद्यालयीन संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांना महिला प्रशिक्षक होत्या. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करू नये, अशा त्याच वर्षीच्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे मुलींच्या खेळात पैसा आला, पदांना प्रतिष्ठा आली, आणि पुढच्या काही दशकांत ते प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. आपल्याकडे मानधन वाढेल तेव्हा हेच होऊ नये, म्हणून सहायक प्रशिक्षक म्हणून तरी एखादी जुनी खेळाडू आतापासून तयार करा.

बाहेरचं मोठं नाव आणावं का, असंही समितीत कुणीतरी विचारतंच. २०१७ मध्ये बेंगळुरूला भारताच्या महिला संघाने आशिया चषकाच्या 'ब' गटाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा प्रशिक्षक सर्बियाचे झोरान विसिच होते आणि संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. पण राष्ट्रीय शिबिरात मुली एकाच ठिकाणी राहतात, जेवतात, झोपतात. आपली खेळाडू सहा वाजता एसटीत बसून गावाला जाते. महिन्यातून आठ दिवस पुण्याहून येणारा नामवंत माणूस तिला आठ दिवसच भेटणार. रोज भेटणारा साधा प्रशिक्षक मला जास्त मोलाचा वाटतो.

अर्ज आणि प्रमाणपत्रं

इथे फार वेळ घालवू नका, पण डोळे उघडे ठेवून वाचा. 'एनआयएस' असं अर्जावर दिसलं की समिती भारावते. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही ओळख आहे. दोन्ही चांगले, पण एक नव्हेत. तसंच 'नॅशनल खेळलो' हे वाक्य. शालेय की वरिष्ठ गट, कोणत्या वर्षी, कोणत्या संघाकडून, ते विचारा आणि मूळ कागद बघा. बीपीएड-एमपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाचा पाया, त्यात बास्केटबॉलचं विशेष ज्ञान असेलच असं नाही.

सगळ्यात उपयोगी कागद अर्जाला जोडलेला नसतो. उमेदवाराने आधी जिथे काम केलं तिथल्या एका जुन्या खेळाडूला, एका पालकांना आणि एका सहकाऱ्याला स्वतः फोन करा. खेळाडूला एकच विचारा: "तुझ्या धाकट्या बहिणीला त्यांच्याकडे पाठवशील का?" उत्तर येण्याआधी किती वेळ गेला तेही ऐका. पोलीस पडताळणी सगळ्यांची करा, ओळखीच्या माणसाची सुद्धा.

तासभर मैदानावर

मुलाखतीत सगळे चांगलं बोलतात, मैदानावर खरा माणूस दिसतो. म्हणून निवडलेल्या तीन-चार उमेदवारांना प्रत्यक्ष सराव घ्यायला लावा. प्रत्येकाला तासभर, त्याच बारा मुली, तेच कोर्ट, तेवढेच चेंडू. वेगवेगळ्या दिवशी सकाळी सात वाजता ठेवा, म्हणजे दमलेल्या मुलींचा तोटा शेवटच्या उमेदवाराला होणार नाही. समितीने कडेला गुपचूप बसावं आणि बोलू नये.

तुम्हाला बास्केटबॉल येत नसेल तरी काय बघायचं ते सांगते.

उमेदवार कोर्टवर आल्यावर आधी काय करतो? माझ्या आठवणीतली सगळ्यात चांगली प्रशिक्षक आल्या आल्या चेंडूंची पिशवी उघडून म्हणाली, "हे सगळे सात नंबरचे आहेत. मुलींना सहा नंबरचा लागतो." आमच्या स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं मुलांचेच चेंडू होते. मुलींच्या चेंडूचा घेर ७२ सेंटिमीटरच्या आसपास असतो, मुलांचा त्याहून तीन-चार सेंटिमीटर जास्त आणि वजनही जास्त. लहान हाताच्या मुली मोठ्या चेंडूने सराव करत होत्या आणि स्पर्धेत वेगळ्याच चेंडूने खेळत होत्या. तिने पुढे सिमेंटच्या कोर्टवरची खडी पायाने बाजूला सारली, दोन मुलींना झाडू आणायला सांगितलं आणि तिसरा झाडू स्वतः घेतला. तिची निवड माझ्या मनात तिथेच झाली होती.

मग मुली रांगेत किती वेळ उभ्या राहतात ते घड्याळ लावून बघा. बारा मुली, एक रिंग, एकेक जण ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन टाकायचा चेंडू) मारून मागे जाते आणि बाकी अकरा गप्पा मारतात, असा सराव फार ठिकाणी चालतो. चांगला प्रशिक्षक दोन्ही बाजूंच्या रिंगा वापरतो, चेंडू कमी असतील तर बिनचेंडूच्या मुलींना डिफेन्सच्या पावलांना लावतो. तासात प्रत्येक मुलीच्या हाताला चेंडू किती वेळा लागला, हे एका प्राध्यापकांना मोजायला बसवा. हा आकडा खोटं बोलत नाही.

मुलींची नावं विचारतो का, आणि वीस मिनिटांनी त्यातली किती आठवतात? "ए लाल टी-शर्ट" अशी हाक शेवटपर्यंत चालू राहिली तर नोंद करा. सगळ्यात कच्च्या मुलीकडे किती वेळा जातो? चूक सांगताना काय सांगतो? "नीट टाक!" यातून मुलीला काहीच कळत नाही. "डावा पाय आधी, कोपर आत, आणि बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर बघ," यातून कळतं. चूक सुधारल्यावर "हां, हेच," असं म्हणतो की पुढच्या चुकीकडे वळतो? पवित्रा दाखवताना अंगाला हात न लावता, स्वतः करून किंवा दुसऱ्या मुलीकडून करवून दाखवतो का? पाणी किती वेळाने देतो? मार्चनंतरच्या आपल्या उन्हात सात वाजताही सिमेंट तापायला लागतं.

उड्या मारून उतरताना गुडघ्यांकडे लक्ष देतो का, हे मी हल्ली आवर्जून बघते. उतरताना मुलींचे गुडघे आत वळतात, आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. तो तुटला की शस्त्रक्रिया, वर्षभराची विश्रांती आणि खर्च. शेतकऱ्याच्या घरच्या मुलीसाठी तो बहुतेक वेळा खेळाचा शेवटच असतो. दोन्ही पायांवर मऊ उतरायला शिकवणारा, एका पायावर तोल सांभाळायला लावणारा पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप या दुखापती खरोखर कमी करतो. "चला, कोर्टला पाच चकरा," एवढ्यावरच ज्याचा वॉर्म-अप संपतो, त्याचं ज्ञान जुनं आहे.

शेवटची दहा मिनिटं पाच-पाच जणींचा सामना खेळवायला सांगा आणि मध्येच थांबवून एक प्रसंग द्या: चौथा क्वार्टर, वीस सेकंद उरलीत, आपण एका गुणाने मागे, साइडलाइनवरून चेंडू आपला, टाइमआउट घेतला आहे. बोला. कमकुवत उमेदवार ओरडून धीर देतो. बरा उमेदवार फळ्यावर चाल काढतो. मला आवडला तो उमेदवार ज्याने आधी विचारलं, "त्यांचे टीम फाउल किती झालेत?" समोरच्या संघाचा क्वार्टरमधला पाचवा फाउल झाला की दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर टाकायचे चेंडू, मिळतात. म्हणजे लांबून नेम धरण्यापेक्षा चेंडू घेऊन रिंगकडे घुसणारी मुलगी तिथे जास्त कामाची. मग त्याने तीनच वाक्यं सांगितली आणि शेवटी मुलींनाच विचारलं, "काय करायचंय, सांगा बरं?" दमलेल्या मुलीच्या डोक्यात तीनपेक्षा जास्त वाक्यं राहत नाहीत, हे ज्याला माहीत आहे तो खरोखर बेंचवर बसलेला आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलींकडून पुन्हा चिठ्ठ्या घ्या. प्रश्न एकच: उद्या पहाटे साडेपाचला उठून यांच्या सरावाला याल का?

मुलाखत

कोर्टवरचा तास झाला की मुलाखत अर्ध्या तासाची पुरते. पुस्तकी प्रश्न सोडा, आपल्याच संघात घडलेले प्रसंग समोर ठेवा. उत्तम खेळाडूचे वडील म्हणतात, स्थळ आलंय, खेळ बंद. तुम्ही काय कराल? "मी त्यांना समजावेन" हे उत्तर अपुरं आहे. कसं, कुठे, कुणाला सोबत घेऊन? एका उमेदवार बाईंनी सांगितलं होतं, "घरी जाईन, आईशी आधी बोलेन, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी हिला आणखी किती खेळावं लागेल ते कागदावर मांडून दाखवेन." त्या बाईंना माणसंही कळत होती आणि रस्ताही माहीत होता.

दुसरा प्रसंग: मुलगी दुसऱ्या क्वार्टरलाच धापा टाकते. आळशी आहे, की काही वेगळं? आमच्या एका मुलीला आम्ही सहा महिने "स्टॅमिना नाही" म्हणून पळवत होतो, आणि तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघालं. ही आठवण मला अजून टोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या बारापैकी सहा-सात जणींना तो असू शकतो. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची रक्ततपासणी करून घेईन, असं जो आपणहून सांगेल त्याला माझे जास्त गुण.

तिसरा प्रसंग परीक्षेचा, चौथा लाडक्या खेळाडूचा: ती रोज उशिरा येते, पण तिच्याशिवाय सामना जात नाही. इथे बरोबर उत्तर एकच असं नाही. उमेदवार विचार कसा करतो ते ऐका.

जिथे तडजोड नाही

मुलींच्या सुरक्षिततेचे नियम निवडीआधी उमेदवाराला वाचून दाखवा आणि सही घ्या. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीत विद्यार्थिनींनाही संरक्षण आहे. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं मैदानाजवळ लावलेली हवीत, कार्यालयातल्या कपाटात नकोत. २०२२ मध्ये परदेश दौऱ्यावर गेलेल्या एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असावीच असा नियम केला. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयानेही तोच पाळावा. मुलींचा संघ मुक्कामाला जाताना सोबत बाई मॅनेजर हवी. एकट्या मुलीला खोलीवर बोलावणं, रात्री खासगी मेसेज करणं, मसाज किंवा दुखापत तपासण्याच्या नावाखाली एकांत शोधणं, हे काही चालणार नाही. संघाचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप असेल त्यात एक महिला प्राध्यापक असाव्यात.

हे वाचून दाखवताना उमेदवार नाराज झाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला, तर तिथेच थांबा. चांगल्या प्रशिक्षकाला हे नियम स्वतःसाठीही हवे असतात.

निर्णय घेताना

गुणांची विभागणी आधीच ठरवून इतिवृत्तात लिहा. मी शंभरपैकी चाळीस गुण कोर्टवरच्या तासाला देते, पंचवीस मुलींच्या मताला, वीस जुन्या ठिकाणच्या चौकशीला, आणि उरलेले पंधरा कागद व मुलाखतीला. तुमची विभागणी वेगळी असू शकते, पण उमेदवारांची नावं बघितल्यानंतर ती बदलू नका.

दबाव येईल. संस्थेतल्या कुणाचा भाचा असेल, कुणाच्या गावचा असेल. नव्या माणसाला इथे फार अवघड जातं, मला माहीत आहे. भांडू नका. "साहेब, त्यांनाही कोर्टवरचा तास देऊ," एवढंच म्हणा. तो भाचा खरोखर चांगला असेल तर त्याचं सोनं होईल. नसेल तर कागदावरचे आकडे आणि मुलींच्या चिठ्ठ्या तुमच्या वतीने बोलतील. मी हा मार्ग तीनदा वापरला, त्यातल्या दोन वेळा वरिष्ठांनीच आपलं नाव मागे घेतलं.

पहिलं वर्ष

करार निदान दोन वर्षांचा करा. पहिल्या हंगामात हरलो म्हणून माणूस बदलायची घाई आपल्याकडे फार आहे. जीनो ऑरिएमा १९८५ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींकडे आले तेव्हा पहिल्या हंगामात १२ सामने जिंकले, १५ हरले. डॉन स्टेली २००८ मध्ये साउथ कॅरोलिनाला गेल्या आणि पहिल्या हंगामात १० जिंकून १८ हरल्या. दोघांच्याही महाविद्यालयांनी वाट पाहिली. ऑरिएमांचा संघ १९९५ मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला, स्टेलींनी २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये विजेतेपद घेतलं.

पहिल्या वर्षाचा हिशेब मी वेगळा मांडते. ऑगस्टच्या हजेरीवहीत ज्यांची नावं होती त्यांपैकी किती मुली फेब्रुवारीत कोर्टवर आहेत? नव्या किती आल्या? दुखापती किती झाल्या? डाव्या हाताने ले-अप मारता येणाऱ्या किती झाल्या? सामन्यांचे निकाल त्यानंतर.

रुजू होण्याच्या दिवशी नव्या प्रशिक्षकाच्या हाती स्टोअरची किल्ली, सहा नंबरचे निदान आठ चेंडू, प्रथमोपचाराची पेटी, आणि प्रत्येक मुलीचं गाव, शेवटच्या एसटीची वेळ व घरच्यांचा नंबर लिहिलेली यादी द्या. पहिल्याच पंधरवड्यात पालकांची बैठक लावा, रविवारी नको, बाजाराच्या दिवशी लावा. त्या दिवशी आई-वडील तालुक्याला आलेलेच असतात, आणि बायकांना एसटीचं तिकीट अर्धं असल्याने आयाही बऱ्याच येतात. प्रशिक्षकांनी मुलींसमोरच त्यांना सरावाच्या वेळा सांगाव्यात.

आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना पत्रावर सोडू नका, स्वतः फोन करा. काय आवडलं, कुठे कमी पडलं, ते नीट सांगा. असा फोन मी एकदा एका जुन्या खेळाडूला केला होता, घर सांभाळत पहिल्यांदाच अर्ज केलेली. तिचा कोर्टवरचा तास कच्चा झाला होता, पण मुलींच्या चिठ्ठ्यांमध्ये तिचंच नाव सगळ्यात जास्त होतं. नव्या प्रशिक्षकांना विचारून आम्ही तिला आठवड्यातून तीन सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी बोलावलं. दुसऱ्या वर्षी ती सहायक प्रशिक्षक होती, आणि त्या वर्षी पहिल्या वर्षाची एकही मुलगी गळाली नाही.